सेटवर सगळे 'दादा'च का असतात? सिनेमात बाईचं करिअर नेमकं कुठे अडतं

कधी शूटिंग बघायला गेलात तर हिरो-हिरोइन सोडा, आधी सेटवरच्या हाका ऐका. स्पॉटदादा, लाइटदादा, ड्रेसदादा, मेकअपदादा. सगळे दादा. केस करणारी तेवढी 'हेअर दीदी'.

आता तुम्ही म्हणाल, सवय आहे, त्यात काय एवढं? पण मेकअप करणारा दादाच आणि केस करणारी दीदीच, हा मामला सवयीचा नव्हता. तो मुंबईतल्या एका संघटनेच्या लेखी नियमावलीत होता, आणि २०१४ साली सुप्रीम कोर्टानं खोडेपर्यंत तिथेच होता.

हिरोइनना किती मानधन मिळतं, हिरोच्या तुलनेत किती कमी मिळतं, यावर आपण भरपूर वाचतो. पण पडद्यावर दिसणाऱ्या एका बाईमागे कॅमेरा, आवाज, कपडे, मेकअप, एडिटिंग, दिग्दर्शन सहाय्य अशी कामं करणाऱ्या आणि करू पाहणाऱ्या कितीतरी जणी असतात. त्यांचं करिअर टॅलेंटवर अडत नाही. ते फार साध्या जागी अडतं, कार्डावर, कागदावर, संडासावर.

एक कार्ड आणि २६,५०० रुपयांचा दंड

तर झालं असं. चारू खुराणा नावाची मेकअप आर्टिस्ट. थेट अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या सिनेमा मेकअप स्कूलमध्ये शिकून आलेली. मुंबईत काम करायचं तर संघटनेचं कार्ड लागतं, म्हणून तिनं 'सिने कॉस्च्युम मेकअप आर्टिस्ट्स अँड हेअर ड्रेसर्स असोसिएशन'कडे अर्ज केला. अर्ज फेटाळला गेला. कारण साधं होतं: ती बाई होती. नियमानुसार मेकअप आर्टिस्टचं कार्ड पुरुषाला, बाईला फक्त हेअर ड्रेसरचं. वर आणखी एक अट, महाराष्ट्रात पाच वर्षं राहिल्याचा पुरावा हवा.

कार्ड नसताना काम केलं म्हणून तिला २६,५०० रुपये दंडही लावला गेला.

कार्ड म्हणजे नुसतं ओळखपत्र नाही, हे इथे समजून घ्यायला हवं. मुंबईच्या इंडस्ट्रीत प्रत्येक कामाची वेगळी संघटना आहे. लाइटवाल्यांची वेगळी, एडिटरांची वेगळी, फायटरांची वेगळी. या सगळ्यांवर 'फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज' ही मातृसंस्था. सेटवर तपासणी होते, कार्ड नसलेला माणूस सापडला तर काम थांबू शकतं. निर्मात्याचं एका दिवसाचं शूटिंग म्हणजे लाखोंचा खर्च. एका मेकअपवालीसाठी तो ही जोखीम का घेईल? त्यामुळे संघटनेनं 'नाही' म्हटलं की बाजारच बंद होतो. बाईनं मेकअप करू नये असं म्हणणारा कायदा देशात नव्हताच. पण नियमाचं वजन कायद्याइतकंच होतं.

कामगार संघटनांच्या निबंधकांनी ही अट काढायला सांगितली होती. संघटनेनं ऐकलं नाही. शेवटी प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १० नोव्हेंबर २०१४ ला न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळीत यांच्या खंडपीठानं ही अट घटनाबाह्य ठरवली. समानतेचा हक्क, कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क आणि सन्मानानं जगण्याचा हक्क, तिन्हींना ती धक्का देते असं कोर्टाचं म्हणणं. महाराष्ट्रात पाच वर्षं राहण्याची अटही गेली.

मंगळावर यान पोहोचवून आपल्याला तेव्हा दीड महिना झाला होता.

बायका आल्या तर पुरुषांचा रोजगार जाईल, ही भीती या अटीमागे होती. भीती खोटी नव्हती. हिरोइननी बाई मेकअप आर्टिस्ट मागितली असती तर काही दादांची कामं खरंच गेली असती. पण मग अर्थ असा होतो की बायकांची गरज बाजाराला आधीपासूनच होती, ती फक्त नियमानं दाबून ठेवली होती.

कार्ड मिळालं, फोन कुठून येणार?

दार उघडलं म्हणून आत बोलावणं येतंच असं नाही. सिनेमात नोकरीची जाहिरात निघत नाही. काम फोनवर मिळतं. कॅमेरामन आपले असिस्टंट आणतो, आर्ट डायरेक्टर आपली माणसं आणतो, आणि ती माणसं पुढे आपापली माणसं आणतात. विभागप्रमुख पुरुष असला की खाली रांग पुरुषांचीच लागते. कुणी बायकांच्या विरोधात कट करत नाही. रात्री दोनला पॅकअप झाल्यावर ज्याच्यासोबत चहा घेतला, त्याचंच नाव दुसऱ्या दिवशी आठवतं, एवढंच. आणि रात्री दोनच्या त्या चहाला मुली थांबू शकत नाहीत, कारण घरी जायची शेवटची लोकल निघून गेलेली असते.

मला हा सगळ्यात कठीण अडथळा वाटतो. कार्डाची अट कोर्ट खोडू शकतं. फोन कुणाला लावायचा हे कोर्ट कसं सांगणार?

याला उतारा काय, याचं एक जुनं उदाहरण आहे. २००२ साली अभिनेत्री रेवतीनं 'मित्र, माय फ्रेंड' हा पहिला सिनेमा दिग्दर्शित केला तेव्हा तांत्रिक टीम बायकांची घेतली. कॅमेरा फौजिया फातिमा, एडिटिंग बीना पॉल. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २०१७ मध्ये देशभरातल्या महिला सिनेमॅटोग्राफर्सनी एकत्र येऊन 'इंडियन विमेन सिनेमॅटोग्राफर्स कलेक्टिव्ह' सुरू केलं, त्यात फौजिया फातिमांचा पुढाकार होता. "बाई कॅमेरामन शोधली, पण सापडलीच नाही" हे वाक्य निर्मात्यांच्या तोंडी कायम असायचं. आता नावं एका ठिकाणी मिळतात.

दुसरं एक निरीक्षण. एडिटिंगमध्ये बायका त्यामानानं लवकर पुढे गेल्या. रेणू सलुजा यांनी 'जाने भी दो यारो' आणि 'परिंदा' एडिट केले, राष्ट्रीय पुरस्कार एकदा नाही, चार वेळा मिळवला. बायकांकडे संयम असतो वगैरे कारणं याला दिली जातात. माझं मत साधं आहे: एडिट रूमला चार भिंती, दार आणि जवळ एक संडास असतो. कामाची जागा रोज बदलत नाही.

पाणी न पिण्याची नोकरी

संडासाचं मी गमतीनं म्हणत नाहीये. केरळमध्ये २०१७ साली एका अभिनेत्रीवर गाडीत अत्याचार झाला, त्यानंतर तिथल्या बायकांनी 'विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह' ही संघटना काढली. बीना पॉल तिच्याही संस्थापकांपैकी एक. त्यांच्या मागणीवरून सरकारनं न्यायमूर्ती के. हेमा यांची समिती नेमली. समितीनं ३१ डिसेंबर २०१९ ला अहवाल दिला, आणि सरकारनं तो साडेचार वर्षं दाबून ठेवला. १९ ऑगस्ट २०२४ ला, बराच भाग वगळून, तो बाहेर आला.

बातम्या झाल्या त्या लैंगिक शोषणाच्या, आणि त्या व्हायलाच हव्या होत्या. आठवड्याभरात 'अम्मा' या कलाकार संघटनेच्या अख्ख्या कार्यकारिणीनं राजीनामा दिला. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, जी मोबाईलवरच्या रीलमध्ये मावली नाही. आउटडोअर शूटिंगला बायकांसाठी संडास नसतो, कपडे बदलायला आडोसा नसतो. म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. पाळीच्या दिवसांत पॅड बदलता येत नाही. मूत्रमार्गाचे संसर्ग होतात.

आपल्याकडे व्हॅनिटी व्हॅन आणली ती पूनम धिल्लननं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधी मोठ्या हिरोइनही झाडामागे साडीचा आडोसा करून कपडे बदलायच्या. व्हॅनिटीमुळे स्टारचा प्रश्न सुटला. कॉस्च्युम असिस्टंट, ज्युनिअर आर्टिस्ट, सहाय्यक दिग्दर्शिका यांना त्या व्हॅनची पायरी चढायची परवानगी नसते. आता मराठी मालिकाही सातारा, कोल्हापूर, नाशिककडे जाऊन भाड्याच्या वाड्यांत शूट होतात. पन्नास-साठ माणसांचं युनिट आणि वाड्याला संडास एक, हे गणित तुम्हीच करा.

आठ तास आणि ऐंशी दिवस

२०२५ मध्ये गाजलेला वाद आठवतोय ना? दीपिका पदुकोण 'स्पिरिट'मधून बाहेर पडली, आठ तासांच्या शिफ्टची मागणी हे कारण असल्याच्या बातम्या आल्या. सप्टेंबरमध्ये 'कल्की'च्या पुढच्या भागात ती नसेल असं निर्मिती संस्थेनं जाहीर केलं. ती वर्षभरापूर्वी आई झाली होती. सोशल मीडियावर दोन गट पडले. नंतर ती म्हणाली की कित्येक पुरुष स्टार वर्षानुवर्षं आठच तास काम करतात, त्याची बातमी होत नाही.

दीपिकाला सिनेमा सोडणं परवडतं. सेटवरच्या बाकी बायकांचं काय? मुंबईत शिफ्ट सरसकट बारा तासांची. वर येण्याजाण्याचा वेळ. आणि मालिकांमध्ये केलेल्या कामाचे पैसे हातात यायला नव्वद दिवस लागणं ही रीतच आहे.

बाळंतपणाच्या रजेचं बघा. कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण अट अशी की बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या आस्थापनेत किमान ८० दिवस काम केलेलं हवं. समजा, एक ड्रेस असिस्टंट आहे. तिनं एका निर्मात्याच्या सिनेमात ४५ दिवस, दुसऱ्याच्या वेब सीरिजमध्ये ६० दिवस आणि तिसऱ्याच्या मालिकेत ७० दिवस काम केलं. वर्षात १७५ दिवस राबली. तरी ८० दिवस एकाकडेही भरले नाहीत. रजेचा पगार कुणाकडे मागणार? कायदा वाईट नाही, पण तो लिहिताना डोळ्यासमोर कारखाना होता, ऑफिस होतं.

लेखी कराराचंही तसंच. सिने कामगाराला लेखी कराराशिवाय कामावर घेऊ नये, हे १९८१ च्या कायद्यातच होतं. चाळीस वर्षांत किती जणींनी तो कागद पाहिला असेल? नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी या व्याख्येत ऑडिओ-व्हिज्युअल कामगार आणले आहेत, म्हणजे वेब सीरिज आणि मालिकांचं कामही आलं. रात्री सातनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था हवी, असंही त्यात आहे. पण आजही काम ठरतं ते व्हॉट्सअॅपवर: "उद्या सातचा कॉल, पर डे एवढे, कन्व्हेयन्स वेगळा." तोही मेसेज जपून ठेवा. दुसरं काही नसेल तर तेवढाच पुरावा हातात राहतो.

तक्रार करायची कुणाकडे?

दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, हा २०१३ चा कायदा. सिनेमाचं युनिट म्हणजे आस्थापना का, यावर वाद होता. मार्च २०२२ मध्ये केरळ हायकोर्टानं सांगितलं की हो, प्रत्येक युनिटला ही समिती लागेल.

पण तक्रारीची मुदत तीन महिने असते, कारण असेल तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. आणि शूटिंग उरकतं चाळीस-पन्नास दिवसांत. युनिट पांगतं, सेट मोडतो, समितीतली माणसं पुढच्या सिनेमावर गेलेली असतात. शिवाय ज्याच्याविरुद्ध बोलायचं, तोच पुढच्या कामासाठी फोन करणारा असतो. केरळमध्ये हेमा समितीपुढे बोललेल्या अनेक जणींनी नंतर पोलिसांना जबाब द्यायला नकार दिला आणि गुन्हे बंद करावे लागले. आता हे वाचून कुणी "मग खोटंच असेल" म्हणणार असेल, तर त्यानं आधी पुढच्या महिन्याच्या घरभाड्याचा हिशोब मांडावा.

समिती नसेल, युनिट दहाच्या आत असेल किंवा तक्रार थेट मालकाविरुद्ध असेल, तर प्रत्येक जिल्ह्यात कायद्यानं एक स्थानिक समिती असते. केंद्र सरकारच्या 'शी-बॉक्स' पोर्टलवरूनही तक्रार देता येते. काम स्वीकारतानाच कॉल शीटवर अंतर्गत समितीच्या अध्यक्षांचं नाव आणि नंबर आहे का, हे विचारता येतं. काही मोठ्या निर्मिती संस्था आणि ओटीटीवाले तो छापतात. ज्या मराठी मालिकेचं शूटिंग साताऱ्यात, ऑफिस अंधेरीत आणि चॅनल तिसरीकडे आहे, तिथल्या नव्या मुलीनं तो नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्यावा, पॅकअपनंतर तो देणारं कुणी उरत नाही.