मडके, झाडू आणि काळा रंग

सावी सावरकर यांची मुद्राचित्रे पाहून आमचेच काही बांधव विचारतात, "माणूस धड माणसासारखा का काढला नाही?" प्रश्न प्रामाणिक आहे. घरात बाबासाहेबांची आणि तथागतांची तसबीर पाहत आम्ही वाढलो. चित्र म्हणजे हुबेहूब चेहरा, असे वळण आमच्या डोळ्यांना लागले. म्हणून या चित्रांविषयी एकदा नीट बोलले पाहिजे.

सावरकर नागपूरचे, जन्म १९६१ चा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ते मुद्राचित्रण शिकले. पेशवाईतील अस्पृश्य हा त्यांचा पुन:पुन्हा येणारा विषय. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके, पाऊलखुणा पुसण्यासाठी मागे झाडू. पुण्यातील ही सक्ती बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये नोंदवून ठेवली आहे.

आता रचना पाहा. हातपाय मापात नाहीत, चेहरा कोणा एकाचा नाही. मग नजर कुठे थांबते? मडक्यावर आणि झाडूवर. माणूस ओळखू येत नाही, त्याच्यावर लादलेल्या वस्तू मात्र चटकन ओळखू येतात. जातीने हेच केले. माणूस पुसला आणि खूण तेवढी ठेवली. चेहरा हुबेहूब असता तर 'बिचारा' म्हणून आपण पुढे गेलो असतो.

आणि रंग? काळा हाही रंगच आहे. एचिंगमध्ये धातूच्या पत्र्यावर रेघ ओढून तो ॲसिडमध्ये ठेवतात. ॲसिड जितके खोल खाते तितकी शाई त्या चरीत भरते आणि कागदावर रेघ तितकी गडद उमटते. हा काळा वरून फासलेला नसतो, जखमेत भरलेला असतो. विषयाला याहून योग्य माध्यम कोणते?

प्रस्थापित समीक्षक अशा चित्रातील रेषा आणि पोत यांवर पानेच्या पाने लिहितील, पण जातीपाशी आले की त्यांची लेखणी अडखळते. आम्ही उलट करतो. विषय कळला की मान डोलावतो, रेषेकडे बघतही नाही. दोन्ही वाचने अर्धीच आहेत. आमची चित्रे आम्ही पूर्ण वाचली नाहीत, तर त्यांचा अर्थ दुसरेच ठरवतील.

एका पत्र्यावरून अनेक प्रती निघतात, हे मुद्राचित्राचे बळ. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आपण पिशव्या भरून पुस्तके घेतो. त्या पुस्तकांशेजारी अशी चित्रेही लागावीत, आणि ती समजावून सांगणारा आपला एक तरुण तिथे उभा असावा. शिका, हा बाबासाहेबांचा आदेश चित्रांनाही लागू आहे, असे आम्ही मानतो.