मेमरी वाढवली म्हणून मशीन बाटत नाही

जुन्या हार्डवेअर सीक्वेन्सरच्या चाहत्यांत एक सोवळा पंथ आहे. मशीन कारखान्यातून आली तशीच ठेवायची, जास्तीची मेमरी घातली की तिचा आत्मा गेला, असं त्यांचं म्हणणं. मला हे अजिबात पटत नाही.

सीक्वेन्सर म्हणजे कोणता सूर कधी आणि किती वेळ वाजवायचा हे लक्षात ठेवणारं यंत्र. पुढे त्याच डब्यात सॅम्पलिंग आलं, म्हणजे प्रत्यक्ष आवाजाचे तुकडेही साठवता येऊ लागले, आणि खरी ओढाताण सुरू झाली. सुराची नोंद थोडक्यात मावते. आवाज मात्र जागा खातो. १९८८ च्या अकाई एमपीसी६० मध्ये मुळात ७५० किलोबाइट मेमरी होती, म्हणजे जेमतेम १३ सेकंद. १९८७ च्या ई-म्यू एसपी-१२०० मध्ये तर १०च. हिप-हॉपवाल्यांनी यावर तोड काढली: ३३ ची रेकॉर्ड ४५ वर फिरवायची, तुकडा भरभर भरून घ्यायचा आणि मग मशीनमध्ये त्याचा सूर खाली ओढायचा. जागा वाचली, वर आवाजाला एक खरखरीत धार आली ती फुकटात.

सोवळे लोक हीच गोष्ट पुढे करतात. बघा, टंचाईतूनच कला आली! गोष्ट खरी, निष्कर्ष चुकीचा. ती खरखर येते १२ बिटांमुळे आणि सूर खाली ओढण्यामुळे. मेमरी दुप्पट करा, खरखर जागच्या जागी राहील. ज्याला ४५ वर फिरवायचंय त्याचा हात कोण धरतंय?

शिवाय 'मूळ' म्हणायचं तरी कशाला? एमपीसी६० ची मेमरी दुप्पट करायची सोय खुद्द अकाईनेच ठेवली होती. फक्त सूरच साठवणारा रोलँडचा एमसी-४ घ्या: एक प्रकार १६ किलोबाइटचा, दुसरा ४८ चा. ई-म्यूचा एसपी-१२ साधा घेतला तर १.२ सेकंद, टर्बो घेतला तर ५. चिप महाग होत्या, बस्स. ज्याच्या खिशात पैसे होते त्याने तेव्हाच वाढवून घेतली. आज तेच एखाद्या विद्यार्थ्याने केलं तर ती विटंबना कशी?

आम्ही साहित्यवाले बंधनाचं कौतुक जरा जास्तच करतो. पण ओवीचे चार चरण कवी स्वतः निवडतो. फादर स्टीफन्स यांनी त्या चार चरणांत राहूनच ख्रिस्तपुराणाच्या दहा हजारांवर ओव्या रचल्या. कागद कमी असता तर काव्य आणखी चांगलं झालं असतं, असं कोणी म्हणेल का?

एका बाबतीत मात्र मीही सोवळाच. जे डिलाचा एमपीसी३००० वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. त्याला कोणी हात लावू नये. आणि घरातल्या मशीनचं झाकण उघडण्याआधी आत काय आहे ते वाजवून बघावं. अनेक जुन्या सीक्वेन्सरमध्ये गाणी एका छोट्या बॅटरीच्या आधारावर टिकून असतात. ती उपसली की आधीच्या मालकाची अर्धवट चालसुद्धा गेली, आणि ती कुठल्याच बाजारात परत मिळत नाही. मामाच्या सीक्वेन्सरची बॅटरी या सुट्टीत बदलायची आहे. लग्नांत वाजवलेली त्याची सगळी गाणी आधी लॅपटॉपवर उतरवून घेणार, मगच स्क्रूड्रायव्हर.