कापड पारखता, मग संगणक का नाही?

कापडाचा तागा समोर आला की आपण काय करतो? पन्ना मोजतो, सूत कोणते ते विचारतो, कापड चुरगाळून बघतो, ओल्या रुमालाने घासून रंग सुटतो का हे पाहतो. भावाची गोष्ट त्यानंतर. पण हाच व्यापारी दुकानातला संगणक मंद झाला की मेकॅनिक सांगेल ती रक्कम मुकाट्याने मोजतो. हा दोष दुसऱ्या कोणाचा नव्हे, आपला आहे. मी स्वतः त्यात सापडलो, म्हणून हे लिहीत आहे.

आमच्या पेढीवरचा संगणक २०१३ सालचा. त्यात मेमरी, म्हणजे रॅम, फक्त २ जीबी. सुरुवातीला बिले आणि खाती एवढेच काम होते, ते निभत होते. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. हिशेबाच्या सॉफ्टवेअरबरोबर इंटरनेटवरचे पोर्टलही उघडे ठेवणे भाग पडले. पुढे व्हॉट्सॲपवर डिझाइनचे फोटो येऊ लागले. २०२३ साली अशी अवस्था झाली की गिऱ्हाइकाचा चहा संपला तरी बिल निघेना.

एका जाणकाराने ३८ हजारांचे नवे यंत्र सुचविले. दुसऱ्याने ४ जीबीची जादा पट्टी बसवली आणि पैसे घेऊन गेला. फरक फारसा पडला नाही. यंत्र ६ जीबी मेमरी दाखवत होते, पण त्यातली वापरण्याजोगी साडेतीन जीबीच्याही आत! कारण आमची विंडोज ३२-बिट होती, आणि अशी सर्वसाधारण विंडोज ४ जीबीच्या पलीकडे जाऊच शकत नाही. हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर काढून ६४-बिट विंडोज टाकली, तेव्हा कुठे त्या पट्टीचे चीज झाले. उर्दू शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्याला त्या इंग्रजी शब्दांची धास्ती वाटे, म्हणून आधी विचारले नाही. न विचारण्याची किंमत मात्र मोजावी लागली.

वास्तविक गोष्ट सोपी आहे. मेमरी म्हणजे दुकानाची गादी आणि हार्ड डिस्क म्हणजे गोदाम. गादीवर जागा नसली की प्रत्येक ताग्यासाठी पोऱ्याला गोदामात पिटाळावे लागते. मेमरी भरली की संगणकही तेच करतो. मावत नाही ते हार्ड डिस्कवर ठेवतो व पुन्हा उचलून आणतो. म्हणून तो रखडतो.

तेव्हा खर्चाआधी तपासणी करा. दुकानात गर्दीची वेळ असताना, सगळी कामे चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. जी खिडकी उघडेल तिच्यात मेमरी आणि डिस्क यांचे आकडे टक्क्यांत दिसतात. मेमरी नव्वदच्या आसपास असेल तर पट्टी वाढवण्यात अर्थ आहे. मेमरी निम्मी मोकळी आणि डिस्क मात्र शंभरावर असेल, तर पट्टीचा खर्च वाया जाईल. तेथे जुनी हार्ड डिस्क बदलून एसएसडी घालावी. दोन्ही भरलेले दिसले तर पहिला संशय मेमरीवरच घ्यावा.

आता खरेदी. २००७ च्या सुमारास डीडीआर-३ जातीची मेमरी आली, २०१४ नंतर डीडीआर-४. दोघींची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, तीही चालत नाही. जुन्या मालाच्या बाजारात सर्व्हरमधून काढलेल्या पट्ट्या स्वस्त मिळतात, पण साध्या डेस्कटॉपमध्ये त्या बहुधा चालत नाहीत. स्वस्त ८ जीबी पट्ट्यांपैकी काही केवळ एएमडीच्या बोर्डांवर चालतात. आपला बोर्ड इंटेलचा असेल तर ते विचारून घ्यावे. सगळ्यात सोपे म्हणजे जुनी पट्टी काढून सोबत न्यावी आणि मदरबोर्डचा नंबर लिहून घ्यावा. एकसारख्या दोन पट्ट्या जोडीने लावल्या तर काम अधिक चांगले होते. हात लावण्यापूर्वी वीज काढावी आणि कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करावा.

बिल जीएसटीचेच मागावे. नियमित नोंदणी असलेल्याला त्या कराचे क्रेडिट मिळते, कंपोझिशनवाल्याला मिळत नाही. २०२५ च्या उत्तरार्धात डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव जगभर चढले, हेही ध्यानात असू द्यावे. अशा बाजारात अंदाजाने केलेली खरेदी जास्तच महाग पडते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. मेमरी वाढवल्याने यंत्राचे वय कमी होत नाही. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि २०१३ सालच्या आमच्या यंत्राचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. म्हणून बँकेचे व्यवहार आणि पोर्टलची कामे आम्ही त्या यंत्रावरून काढून घेतली. तो आता इंटरनेटविना बिले आणि मालाची नोंद सांभाळतो, आणि ते काम चोख करतो. भरतकामाची डिझाइन पंच करणाऱ्या कारागिरांनाही हेच लागू आहे. डिझाइन पेनड्राइव्हनेच मशीनवर जात असेल, तर जुना संगणक थोड्या मेमरीने आणखी काही वर्षे कामास येईल. पण ज्या यंत्रावरून पैसा फिरतो, तेथे काटकसर नको.

नवे घ्यावे की जुने सुधारावे, हा निर्णय आपल्या कामावर ठरतो, विकणाऱ्याच्या कोटेशनवर नाही. पुढच्या वेळी मेकॅनिक आला की त्याला तीनच प्रश्न विचारा: विंडोज किती बिटची? मेमरी कोणत्या जातीची? भरली आहे ती मेमरी की डिस्क? उत्तर देता आले नाही तर पाकीट खिशातच राहू द्या.