ॲप आधी कुणग्यात तपासा

राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू केली, तो निर्णय योग्यच होता. एकेका तलाठ्याकडे अनेक गावे असताना त्याने बांधाबांधावर जाऊन गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंदवही, भरावा, ही अपेक्षा बहुतेकदा कागदावरच राहत होती. शेतकऱ्यानेच शेतात उभे राहून ॲपमध्ये पिकाचा फोटो काढावा, फोनने जागा टिपावी आणि नोंद सातबाऱ्यावर यावी, यात त्याचा मान आहे. पण अशी प्रणाली जिथे चालायची, त्या जमिनीवर ती घडवली जात असतानाच तपासली पाहिजे. त्यासाठी सर्वांत अवघड जमीन आधी निवडावी, आणि ती सिंधुदुर्गात आहे.

इथे एका सर्व्हे नंबराचे अनेक हिस्से असतात, एकेका हिश्श्यावर भावकीतली डझनभर नावे, आणि त्यांतली बरीचशी माणसे मुंबईत. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. मोकळ्या आकाशाखालीही फोनचा जीपीएस साधारण ५ मीटर, म्हणजे १६ फूट, इकडेतिकडे दाखवतो. गुंठाभर कुणग्याच्या, म्हणजे भातखाचराच्या, मधोमध उभा असलेला शेतकरी त्यामुळे नकाशावर मेरेपाशी, म्हणजे बांधापाशी, दिसू शकतो. माड-पोफळीच्या दाट बागेत किंवा डोंगराच्या कुशीत ही चूक आणखी वाढते आणि त्याचा भात शेजाऱ्याच्या हिश्श्यात जातो. दहा एकरांच्या सलग रानात हीच चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. त्यात खरिपाची नोंद ऑगस्टच्या पावसात करायची, जेव्हा ओल्या बोटांना फोनचा पडदा दाद देत नाही आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांत रेंज मिळत नाही.

एका जिल्ह्यासाठी वेगळे ॲप कसे करणार, असे कोणी विचारेल. वेगळे नकोच. सामाईक खात्यावर, रेंजशिवाय, गुंठाभर जागेत जे नीट चालेल ते मराठवाड्याच्या सलग शिवारात सहसा अडणार नाही. उलट मात्र घडत नाही. दुसरा आक्षेप वेळेचा: आधी असे तपासत बसलो तर उशीर होईल. पण तपासणी शेवटावर ढकलणेच महागात पडते. आधी सगळे ठरवायचे, मग बांधायचे, शेवटी तपासायचे, हा क्रम सॉफ्टवेअर अभियंते विन्स्टन रॉयस यांनी १९७० मध्येच धोक्याचा ठरवला होता आणि वापरणाऱ्याला सुरुवातीपासून सामील करा असे सांगितले होते. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, या आश्वासनावर हंगाम थांबत नाही. नोंदीची मुदत टळली की भातखरेदी आणि नुकसानभरपाई दोन्ही अडचणीत येतात. यंत्राची नोंद खरी आणि माणूस खोटा मानला की काय होते, हे ब्रिटनमध्ये दिसले. तिथल्या पोस्ट ऑफिसच्या होरायझन या संगणक प्रणालीच्या चुकीच्या हिशेबांमुळे ९०० हून अधिक उपडाकपाल दोषी ठरले, आणि त्या शिक्षा पुसायला २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला.

नोंदीसाठी मदत करायला गावोगावी सहायक नेमले आहेत, हे खरे आणि आवश्यकही. पण शेतकरी नेमका कुठे अडला म्हणून त्याला सहायक लागला, ही माहिती ॲप बांधणाऱ्यांपर्यंत रोज गेली पाहिजे. नाहीतर ॲपमधली त्रुटी सहायकाच्या कष्टांखाली झाकली जाईल.

महसूल विभागाने पुढची आवृत्ती ऐन ऑगस्टात देवगड, मालवण आणि दोडामार्गच्या एकेका गावात तिथल्या शेतकऱ्यांच्या हाती द्यावी, बांधणाऱ्या अभियंत्यांना त्यांच्याबरोबर मेरेवर उभे करावे, आणि त्या गावांच्या तलाठ्यांनी लेखी होकार दिल्याशिवाय ती राज्यभर सोडू नये.