रंगांवरील फिर्याद

बालवाङ्मयातील रंगीत चित्रांविरुद्ध आपल्याकडे एक फिर्याद पुनःपुन्हा दाखल होते. चित्रे मोठी व रंगीत झाली की मूल अक्षरांकडे पाठ फिरविते; हलत्या चित्रांनी तर त्याची कल्पनाशक्ती पंगूच होते, असे फिर्यादीचे म्हणणे. फिर्याद जुनी आहे. पुरावा मात्र अद्याप कोणी हजर केलेला नाही.

आमचे साक्षीदार हजर आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाचा चित्रकथी रंगीत चित्रांची पोथी उघडतो, एकेक चित्र पुढे धरतो आणि रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगतो. चित्रातला बाण धनुष्यावरच थबकलेला असतो. तो सुटतो श्रोत्याच्या मनात. कोमेनियसने १६५८ साली मुलांसाठी सचित्र पाठ्यपुस्तक काढले. त्यात चित्रांतील वस्तूंना व मजकुरातील शब्दांना तेच अंक दिले होते; म्हणजे चित्र अक्षराचा वैरी नव्हे, वाटाड्या ठरला. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली आगकाड्या नाचविल्या, आणि फिल्म्स डिव्हिजनने १९५७ साली जातकातील वटवृक्षाच्या मृगाची कथा रंगीत चलच्चित्रांत आणली. यांत कल्पनेचा ऱ्हास कोठे झाला?

दोष आहे, पण तो रंगाचा नव्हे, उसनवारीचा आहे. गोष्ट मांडवीकाठची असते आणि चित्रातील घरांना परदेशी धुराडी असतात; सर्व पात्रांचे डोळे एकाच साच्यातले. मूल चित्रात रमते ते त्यात हिंडायला जागा असते म्हणून: जांभ्याची तांबडी पायरी, माडाची लांबलेली सावली, मजकुरात नसलेले कोपऱ्यातले मांजर. ही जागा तयार चित्रांच्या गठ्ठ्यातून मिळत नाही. त्यासाठी कथा वाचणारा चित्रकार लागतो.

आणि त्याच चित्रकाराला आम्ही काय देतो? अल्प मानधन, आणि पुष्कळदा नावही नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राचा कर्ता चित्रकारच होय. कलम ५७ अन्वये हक्क विकल्यावरही कर्तृत्व सांगण्याचा त्याचा अधिकार अबाधित राहतो. तरीही मुखपृष्ठावर लेखक मिरवतो, आणि निम्मे पुस्तक ज्याने घडविले तो अनाम राहतो.

तेव्हा मराठी व कोंकणी प्रकाशकांकडे आमची मागणी साधी आहे: चित्रकाराचे नाव लेखकाच्या शेजारी छापा, आणि त्याच्या श्रमाचे मोल करारात लिहा. खर्चाची सबब आम्ही ऐकून घेऊ. परंतु नाव छापण्यास शाई कितीशी लागते?