भिंतीवरचे ओझे

तांब्याचा बंब न्हाणीघराच्या जमिनीवर उभा असे. त्याची जागा घेणारा गीझर डोक्याच्याही वर टांगावा लागतो. हैदराबादेत काचीगुडा, सुलतान बाजार या जुन्या मराठी वस्त्यांपासून गच्चीबावलीच्या उत्तुंग इमारतींपर्यंत, तसाच आपल्या किनारपट्टीवरही हा बदल झाला. तो टांगणारा कारागीर मात्र बहुधा एकटाच, ओल्या फरशीवरच्या डळमळत्या स्टुलावर उभा असतो.

जड वस्तू गुडघे वाकवून, छातीशी धरून उचलली तर भार पाय पेलतात. तीच खांद्यांच्या वर नेऊन हात लांबवले व कंबर वळवली, की ताण पाठीच्या कण्यावर येतो. जुना गीझर उतरविताना तर दुहेरी धोका! एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे २५ लिटरची टाकी न रिकामी करता उतरविणे हे २५ किलोंचे अधिक ओझे. कूपनलिकेच्या जड पाण्याचा आत साचलेला क्षार निराळाच. वीज तोडून, पाणी निववून टाकी रिकामी करण्याइतकाही धीर यजमानांना नसतो.

इजा होईल इतके ओझे उचलावयास लावण्यास १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमाने मनाई केली. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. परंतु कोणाच्या न्हाणीघरात कोणता निरीक्षक डोकावणार? तेव्हा विक्रेत्यांनीच गीझर बसविण्याच्या आकारात दोघांची मजुरी धरावी, भक्कम शिडी द्यावी. आणि हजारोंचा गीझर घेणाऱ्या ग्राहकाने दुसऱ्या माणसाच्या मजुरीवरून हुज्जत घालू नये.