फिरत्या फडाचें हंसें

परवां एका स्नेह्यांच्या घरीं चहाच्या वेळीं तमाशाच्या फडाचा विषय निघाला. स्नेही विद्वान् आहेत, बोलके आहेत, आणि धुळें-जळगांव रस्त्यानें त्यांचें जाणें-येणें नेहमींचें आहे. पारोळ्याच्या अलीकडे त्यांना एका फडाचा ट्रक चाक फुटून रस्त्याच्या कडेला उभा असलेला दिसला. त्यांनीं रंगवलेलें चित्र असें: आदल्या रात्रीचा रंग गालांवर तसाच असलेले महाराज लुंगी-बनियनवर जॅक फिरवीत आहेत, प्रधानजी उकिडवे बसून बिडी ओढीत त्यांना सल्ला देत आहेत, राणीसाहेब पत्र्याच्या ट्रंकेवर बसून डाळींतले खडे वेंचीत आहेत, आणि सगळ्या मंडळींत गंभीर काय तो एकटा सोंगाड्या, कारण जमाखर्चाची वही त्याच्याकडे. आम्ही सगळे पोट धरधरून हंसलों. मग स्नेह्यांनीं खिशांतून एक कागद काढला. तो नगरपालिकेस द्यावयाचा अर्ज होता. आमच्या वस्तीजवळच्या मैदानावर तमाशाच्या फडास परवानगी देऊं नये, अशी त्यांत विनंती होती, आणि आमच्या सहीसाठीं जागा मोकळी ठेविली होती.

आम्हीं सही केली नाहीं. कां केली नाहीं, हें त्या दिवशीं आम्हांस नीट सांगतां आलें नाहीं, म्हणून हा लेख.

प्रथम हंसण्याचें पाहूं. राजानें जॅक फिरवावा यांत विनोद आहे हें आम्हांस मान्य आहे. पण तो विनोद आमच्या स्नेह्यांनीं शोधून काढला, असें जर त्यांना वाटत असेल तर ती त्यांची चूक आहे. फडाच्या खेळाचा क्रम ज्यांना ठाऊक आहे त्यांना हें सांगावयास नको. गण होतो, गवळण होते, मग बतावणी, आणि सर्वांच्या शेवटीं वग. यांतली बतावणी ही बहुतांशीं उत्स्फूर्त असते, आणि तिला लागणारा कच्चा माल रस्त्यावरच मिळतो. सकाळीं फुटलेलें चाक रात्रीं सोंगाड्याच्या तोंडून हजार माणसांसमोर पुन्हां फुटतें. ज्या गांवच्या पुढाऱ्यानें सुपारीचे पैसे देतांना शंभर कारणें सांगितलीं, त्याचीच लकब उचलून मावशी त्याच्याच गांवांत, तो पहिल्या रांगेंत बसलेला असतांना, त्याला हंसवते. म्हणजे फडाच्या प्रवासांतील गंमत ही फडाच्या मालकीची आहे; तिच्यावर त्यांचें पोट चालतें. कनातीला भोंक पाडून फुकट खेळ पाहणारीं पोरें प्रत्येक गांवीं असतात. आमचे स्नेही मोटारीच्या कांचेंतून पाहत होते, एवढाच फरक.

दुसरें असें, कीं प्रवासाच्या या हालांवर आपण पांढरपेशे लोक नेहमींच असें हंसत आलों आहों काय? मुळींच नाहीं. किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ १८८० सालीं पुण्यास रंगभूमीवर आलें, आणि त्यानंतर अर्धशतकभर नाटक मंडळ्या ट्रंका, पडदे, आचारी आणि कर्ज यांसह गांवोगांव फिरल्या. त्यांचें बिऱ्हाड, त्यांची पंगत, मुक्काम हलवितांना होणारी तारांबळ, यांच्या आठवणी आपण कौतुकानें वाचतों. चिंतामणराव कोल्हटकरांच्या ‘बहुरूपी’ या आत्मचरित्रास १९५८ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें, आणि तें योग्यच झालें. त्या पुस्तकावर आमचें स्वतःचें प्रेम आहे. पण तेथें जो फिरस्तेपणा कलेची तपश्चर्या ठरतो, तोच पारोळ्याच्या रस्त्यावर दिसला म्हणजे हंसें कां होतें? बालगंधर्वांनीं नेसलेल्या शालूची तऱ्हा आमच्या आज्या-पणज्यांनीं उचलली. खानदेशांतील जुन्या फडांत स्त्रीभूमिका करणारा पुरुष मात्र आमच्या घरीं नकलेचा विषय. दोघेही मिशी काढून लुगडें नेसणारेच. एकाचें तिकीट आमच्या घरच्या मंडळींनीं काढलें होतें, दुसऱ्याचें नाहीं. आमच्या मतें यापलीकडे कारण नाहीं.

फड म्हणजे काय, हें एकदां नीट पाहिल्यावांचून त्याविषयीं अर्ज करणें बरें नव्हे. मोठ्या फडांत माणूस शंभराच्या घरांत जातें. त्यांत गाणारणी, नाचणाऱ्या, ढोलकीवाला, हलगीवाला, पेटीवाला, वगांतले नट हे तर आलेच. पण तंबू ठोकणारे, दिव्यांचें पाहणारे, ट्रकचे चालक आणि स्वयंपाकी यांच्यावांचूनही खेळ उभा राहत नाहीं. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतो तो वैशाखी पौर्णिमेपर्यंत घर पाहत नाहीं. मार्गशीर्षांत दत्तजयंतीस सारंगखेड्याला तापीकांठीं घोड्यांचा बाजार भरतो. चैत्रांत धुळ्यास पांझरेच्या कांठीं एकवीरेची यात्रा. वैशाखांत अंमळनेरास बोरीच्या पात्रांत सखाराम महाराजांची. एका यात्रेंतून दुसरीकडे जाणें हें रात्रीं खेळ संपल्यावर व्हावयाचें. पहांटे कनात उतरवावयाची, ट्रक भरावयाचे, त्या सामानावरच अंग टाकावयाचें, दुपारीं नव्या गांवांत खुंट्या ठोकावयाच्या. वैशाखांतलें खानदेशचें ऊन ज्यांनीं अंगावर घेतलें आहे त्यांना तापलेल्या ट्रकांतली झोंप कशी असते हें वेगळें सांगावयास नको.

आणि तरीही त्या ट्रकांत हंसणें चालतेंच. आम्हीं स्वतः एका फडाच्या मुक्कामावर दुपार काढली आहे. चुलीवर एका बाजूला दादरीच्या भाकरी होत होत्या, दुसऱ्या बाजूला वांगीं भाजत होतीं. वगांत ज्याला रोज रात्रीं सुळीं देतात तो गृहस्थ ‘मरून मरून भूक फार लागते’ म्हणून तिसरी भाकरी मागत होता. वाढणाऱ्या बाई, ज्या रात्रीं त्याच्या मरणावर टाहो फोडीत, त्या म्हणाल्या, ‘आज जरा लवकर मरा, दादा, उद्यां गांव लांबचें आहे.’ आम्हांस पाहून त्यांनीं बोलणें आवरलें नाहीं, कीं आम्हांस ऐकविण्यासाठीं वाढविलें नाहीं. पाहुण्यापुढें एक ताट आलें, इतकेंच. त्याच ट्रंकेच्या आडोशाला दहा-अकरा वर्षांची एक मुलगी पाटीवर हिशेब सोडवीत होती. तिची शाळा तिच्या गांवीं, आणि ती आईबरोबर सात महिने बाहेर. त्या मुलीविषयीं मात्र कोणीही विनोद केला नाहीं.

पैशाचें गणित थोडक्यांत सांगतों. पावसाळ्यांत फड बसतो तेव्हां कलावंत मालकाकडून पुढच्या हंगामावर उचल घेतात. मालक ती सावकाराकडून आणतो. म्हणजे ढोलकीवर पहिली थाप पडण्यापूर्वींच सगळा फड देणेकरी झालेला असतो. एक यात्रा पावसानें गेली, एका गांवानें सुपारी मोडली, कीं तें ओझें पुढच्या वर्षावर. २०२० सालीं मार्चअखेरीस टाळेबंदी आली ती नेमकी चैत्रांतल्या यात्रांच्या तोंडावर, आणि पुढचा चैत्रही तसाच सुना गेला. दोन वर्षांची उचल डोक्यावर घेऊन जो मनुष्य पुन्हां बतावणी करावयास उभा राहतो त्याच्या विनोदाची जात कोणती, हें आमच्या स्नेह्यांनीं आपल्या विनोदाशीं ताडून पाहावें.

आतां अर्जांतले आक्षेप. पहिला अश्लीलतेचा. हा जुना आहे. मुंबई प्रांताच्या सरकारनें १९४७-४८ च्या सुमारास तमाशावर बंदीच घातली होती; पुढें ती उठली, पण संहिता तपासून घेण्याची अट राहिली. आजच्या कांहीं फडांत सिनेमांतलीं गाणीं आणि त्यांबरोबर येणारे हावभाव फार झाले आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं; आम्हांसही तें आवडत नाहीं. पण तींच गाणीं आमच्या घरच्या लग्नांत, आमच्याच मुलामुलींच्या पायांखालीं वाजतात, आणि आपण खुर्चींत बसून टाळ्या देतों. गवळण मागे पडली ती ऐकणारे आपण उठून गेलों म्हणून. जो श्रोता उरला त्याच्या आवडीप्रमाणें फड चालतो.

दुसरा आक्षेप रात्रीच्या गोंगाटाचा, आणि येथें आम्ही अर्जदारांच्या बाजूचे आहों. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक बंद ठेवावा लागतो. आजाऱ्यास झोंप हवी, परीक्षेच्या मुलास शांतता हवी, हें खरें. परंतु तोच नियम राज्य सरकारास वर्षांतून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचीही मुभा देतो, आणि ती सवलत कोणत्या उत्सवांना मिळते हें सर्वांस ठाऊक आहे. वग रात्रभराचा, त्याचा राजा दहाच्या आंत राज्य गमावून परत मिळवूं शकत नाहीं. मैदान वस्तीपासून दूर द्या, परीक्षेचे दिवस टाळा, आवाजाची मर्यादा घाला, या सूचना समंजस आहेत. पण अर्जांत त्या नाहींत. अर्जांत ‘अशा लोकांचा मुक्काम वस्तीजवळ नको’ असें वाक्य आहे. झोंपेचा प्रश्न ध्वनिवर्धकाचा. हें वाक्य माणसांविषयीं आहे.

आमच्या स्नेह्यांच्या तोंडीं एक गोष्ट वारंवार येते. विठाबाई नारायणगांवकर खेळ चालूं असतांना पडद्यामागें बाळंत झाल्या व पुन्हां रंगमंचावर आल्या, ही ती गोष्ट. ‘काय ही कलानिष्ठा!’ असें म्हणून ते डोळे पुसतात. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्तें गौरव मिळाला. २००२ सालीं त्या वारल्यावर त्यांच्या नांवानें राज्याचा पुरस्कारही सुरू झाला. पण त्या रात्रीं खेळ थांबवितां कां आला नाहीं, हें या गोष्टीवर डोळे पुसणाऱ्या कोणी विचारलें आहे काय? आणि त्यांच्याच धंद्यांतल्या बायकांना आमच्या वस्तीजवळ पांच दिवस राहूं न देण्याच्या अर्जावर त्याच डोळ्यांखालीं सही कशी होते?

धुळ्याचा आणि आमचा संबंध जुना. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस तेथें वारले, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ निघालें. जुनें दप्तर उंदीर-वाळवीच्या तोंडून काढून ठेवणें हें काम त्या गांवानें पिढ्यान्पिढ्या केलें आहे. जळगांवांत बहिणाबाई चौधरी होत्या. लिहितां-वाचतां न येणाऱ्या त्या बाईच्या ओव्या घरच्या मंडळींनीं टिपून ठेविल्या, आणि १९५२ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, त्या छापून निघाल्या. नाहीं तर शेतांतल्या वाऱ्याबरोबर त्या गेल्याच होत्या. मग धोंडू-कोंडू सिंदखेडकर, भिका-भिमा सांगवीकर हीं नांवें खानदेशाच्या यात्रांतून इतकीं वर्षें गाजत असतां त्या फडांचे वग, त्यांतली अहिराणी, त्यांतल्या बतावण्या टिपून ठेवणें हें आमच्या महाविद्यालयांचें काम नव्हतें काय? आमचेंच होतें. आम्हीं तीस वर्षें इंग्रजी विनोदाचे प्रकार शिकविले, आणि बाराव्या मैलावर रोज नवा विनोद जन्मत होता तिकडे एकदांच, एका दुपारीं, जेवावयास गेलों. स्नेह्यांस दोष देतांना हें आमच्या खात्यावर लिहून ठेविलें पाहिजे.

तो अर्ज अद्याप आमच्याकडेच आहे. स्नेह्यांनीं तो ‘शांतपणें वाचा’ म्हणून ठेवून दिला होता. त्याच्या पाठची बाजू कोरी होती. तेथें आम्हीं दुसरा मजकूर लिहिला आहे: मैदान वस्तीच्या पलीकडल्या टोकाचें द्यावें, फडास पाण्याचा नळ आणि बायकांसाठीं निराळी, दार लागणारी शौचकूपें द्यावीं, परीक्षा संपल्यावरच्या तारखा ठरवाव्या, आवाज मोजण्याची व्यवस्था करावी, आणि फड गांवांत असेपर्यंत त्यांच्या मुलांना जवळच्या शाळेंत बसूं द्यावें. दोन्ही बाजूंसह तो उद्यां स्नेह्यांकडे परत जाईल. पुढच्या बाजूवर एकोणीस सह्या आहेत, मागच्या बाजूवर तीन. त्यांतली एक आमची, एक शेजारच्या डॉक्टरांची, आणि एक स्नेह्यांच्या मातोश्रींची. त्यांनीं सही करतांना एवढेंच विचारलें, कीं या खेपेस खुर्च्या असतील कीं खालीं बसावें लागेल.